तंबोरा हलता कामा नये : घरासाठी टर्नटेबल निवडताना

एलपीवरचा ख्याल बाहेरून आत सरकतो. तबकडीच्या कडेला, जिथे सुई पहिल्यांदा टेकते, तिथे तंबोरा आणि सुरुवातीचा आलाप असतो. विलंबित सावकाश पुढे जातो, बोल येतात, द्रुत बंदिश सुरू होते आणि ताना ऐन रंगात येतात तेव्हा सुई लेबलच्या जवळ पोहोचलेली असते. तबकडी मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मिनिटाला ३३⅓ फेरे याच गतीनं फिरते. आता थोडं गणित करू. १२ इंची तबकडीच्या बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ हाच आकडा २१ सेंटिमीटरवर येतो. म्हणजे गाणं सगळ्यात संथ असतं तेव्हा त्याला ऐसपैस जागा मिळते आणि गायक सगळ्यात दाट, सगळ्यात जोरकस तान घेतो तेव्हा जागा निम्म्याहूनही कमी उरलेली असते.

टर्नटेबल निवडण्याविषयी जे सल्ले वाचायला मिळतात ते बहुतेक रॉक, जॅझ किंवा पाश्चात्त्य वाद्यवृंद डोळ्यांपुढे ठेवून दिलेले असतात. ते चुकीचे नाहीत, पण आपल्या घरात किशोरीताईंची भूप आणि बागेश्रीची एलपी लागणार असेल, मल्लिकार्जुन मन्सूर किंवा कुमारजी लागणार असतील, तर यंत्राकडून दोन गोष्टी काटेकोरपणे मागून घ्याव्या लागतात. तंबोरा हलता कामा नये आणि बाजू संपत आली असताना तान फाटता कामा नये. या दोन कसोट्यांना उतरणारं यंत्र बाकी कुठलंही संगीत चांगलंच वाजवतं. लाकडाचा रंग, ब्लूटूथ, यूएसबी या गोष्टींचा विचार त्यानंतर.

आधी तंबोऱ्याकडे पाहू. तबकडीची गती किंचित कमी-जास्त झाली की सूर तेवढाच खाली-वर होतो. गाण्यात शब्द, ठेका, पेटी, व्हायोलिन असं बरंच काही चालू असेल तर कान ही हालचाल सोडून देतो. पण तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा एकच षड्ज सतत धरून असतात आणि त्यावर गायकाचा लांबवलेला सूर लागतो. तिथे गतीतला दोष लपायला जागा नसते. किती दोष ऐकू येतो? आपल्याकडे प्रमाणश्रुतीचं गुणोत्तर ८१:८० मानतात, म्हणजे फरक सव्वा टक्क्याचा. तयार कान याच्या निम्म्याहूनही कमी फरक ओळखतो. हाय-फाय म्हणवून घ्यायला गतीतली डळमळ ०.२ टक्क्यांच्या आत असावी, असा जुना जर्मन दंडक आहे. आजच्या चांगल्या यंत्रांत ती ०.१ टक्का किंवा त्याहून कमी असते. टेक्निक्सच्या एसएल-१२०० मालिकेचा जाहीर आकडा ०.०२५ टक्के आहे. माहितीपत्रकात ‘वॉव अँड फ्लटर’ या नावाखाली हा आकडा दिलेला असतो. तो जिथे दिलेलाच नसेल, त्या यंत्रापासून दूर राहावं.

सगळा दोष यंत्राचाच असतो असंही नाही. तबकडीचं मधलं भोक केंद्रापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असलं, तरी लेबलजवळच्या खाचांत सूर दोन्ही बाजूंना पाऊण टक्क्याहून जास्त झोके घेतो. एकूण झोका दीड टक्क्याच्या वर, म्हणजे प्रमाणश्रुतीहून मोठा. हे ओळखायची रीत सोपी आहे. सुई ठेवल्यावर बाजूला बसून टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, पुढच्या टोकाकडे पाहत राहा. ते दर फेऱ्याला, म्हणजे १.८ सेकंदाला एकदा, डावीकडे-उजवीकडे डुलत असेल आणि त्याच लयीत सूर हलत असेल, तर दोष तबकडीचा आहे. आर्म शांतपणे आत सरकतोय आणि तरीही तंबोरा हलतोय, तर यंत्र नापास. पण हा निकाल देण्याआधी तीन-चार वेगवेगळ्या तबकड्या लावून पाहाव्यात.

मोटरची गती प्लॅटरपर्यंत, म्हणजे तबकडी ज्यावर ठेवतात त्या जड चकतीपर्यंत, पोहोचवायचे तीन मार्ग आहेत आणि ते तीन काळांतून आले आहेत. सगळ्यात जुना मार्ग रबरी चाकाचा. मोटरचा दांडा एका रबरी चाकाला फिरवतो आणि ते चाक प्लॅटरच्या आतल्या कडेला घासून त्याला फिरवतं. इंग्लंडमधल्या स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीनं १९५४ साली आणलेलं ३०१ हे या जातीचं सर्वांत नावाजलेलं यंत्र. ताकद भरपूर, गती दमदार, पण मोटरची थरथर चाकावाटे थेट सुईपर्यंत जाते आणि खालच्या सुरांत घरघर ऐकू येते. शिवाय यंत्र बंद असताना चाक दाबलेल्या अवस्थेत राहिलं की रबराला एका जागी चपटेपणा येतो आणि मग टप्‌ टप्‌ असा आवाज येत राहतो.

दुसरा मार्ग पट्ट्याचा. १९६१ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीनं असं यंत्र बाजारात आणलं की पुढची कित्येक वर्षं सगळे त्याच वाटेनं गेले. मोटर एका बाजूला ठेवली, रबरी पट्ट्यानं प्लॅटर फिरवला, आणि प्लॅटरचं बेअरिंग व टोनआर्म एकाच सांगाड्यावर बसवून तो सांगाडा तीन स्प्रिंगांवर तोलून धरला. मोटरची थरथर बहुतेक पट्टाच गिळून टाकतो, आणि कपाटाला धक्का लागला तरी आर्म आणि तबकडी दोघंही एकत्रच हलत असल्यामुळे सुईला तो कळत नाही. स्कॉटलंडच्या लिनचं सोन्डेक एलपी १२ हे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचं यंत्र याच तत्त्वावर उभं आहे आणि ते आजही बनतं. इंग्लंडच्या रेगानं स्प्रिंगा टाकून दिल्या, हलका पण अतिशय ताठ पाया घेतला आणि पट्टा ठेवला. ऑस्ट्रियाच्या प्रो-जेक्टची डेब्यू मालिका सर्वसाधारण खिशाला परवडणाऱ्या किमतीत हेच काम करते.

तिसरा मार्ग थेट मोटरचा. जपानच्या मात्सुशिता कंपनीत शुइची ओबाता यांच्या गटानं मोटर इतकी सावकाश फिरती केली की तिच्यावर प्लॅटर सरळ बसवता आला. १९७०चं एसपी-१० हे असं पहिलं विक्रीचं यंत्र, आणि १९७२चं एसएल-१२०० हे त्याचं घरगुती भावंड. १९७९च्या मार्क-२मध्ये क्वार्ट्झ स्फटिकाचं नियंत्रण आलं. पुढे ते डिस्को आणि क्लबच्या डीजेंनी आपलंसं केलं, २०१० साली त्याचं उत्पादन थांबलं आणि मागणी वाढल्यामुळे २०१६ साली पुन्हा सुरू झालं.

पट्टा चांगला की थेट मोटर, हा वाद ५० वर्षं चालू आहे. माझं मत असं, की चांगल्या बनावटीचं कुठलंही यंत्र चालतं, पण स्वस्त थेट मोटर आणि स्वस्त पट्टा यांत पट्टाच घ्यावा. थेट मोटर नीट बनवणं अवघड आहे आणि तिथे पैसे वाचवले की गतीत बारीक हिसके येतात. तंबोरा लावला की ते लगेच कळतात. उलट क्वार्ट्झ नियंत्रणाची चांगली थेट मोटर परवडत असेल तर आपल्या संगीतासाठी मी तिलाच आधी पसंती देईन. पट्टा सैल होण्याची चिंता नाही आणि दहा वर्षांनीही षड्ज जिथे होता तिथेच राहतो.

परदेशातून यंत्र आणणाऱ्यांसाठी इथे एक सावधगिरीची सूचना, कारण अमेरिकेतल्या मुलानं किंवा भाचीनं टर्नटेबल आणून देणं आपल्याकडे फार दुर्मीळ राहिलेलं नाही. पट्ट्याच्या पुष्कळ यंत्रांत, विशेषतः जुन्या यंत्रांत, मोटर विजेच्या वारंवारतेवर चालते. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, आपल्याकडे ५०. १२० व्होल्टचं यंत्र ट्रान्सफॉर्मरवर लावलं की ते जळत नाही, पण ट्रान्सफॉर्मर फक्त व्होल्ट उतरवतो, वारंवारता बदलत नाही. परिणामी ३३⅓ची गती २७.८वर येते. सुराच्या भाषेत सांगायचं तर काळी तीनमध्ये लावलेला षड्ज काळी दोनच्याही किंचित खाली ऐकू येतो आणि मध्यलय विलंबिताकडे झुकते. अशा यंत्राला ५० हर्ट्झची वेगळी पुली लागते. ती मिळते का, हे तिकीट काढण्याआधी विचारून घ्यावं. डीसी मोटरच्या आणि क्वार्ट्झच्या यंत्रांना ही अडचण नाही, त्यांचा फक्त व्होल्टेज पाहावा. जपानच्या देशी बाजारातलं जुनं यंत्र १०० व्होल्टचं असतं, ते आपल्या २३०च्या प्लगमध्ये लावलं तर तिथेच संपतं.

आता तान. एलपीची खाच माणसाच्या केसापेक्षाही अरुंद असते आणि वीस मिनिटांच्या एका बाजूवर ती उलगडली तर चारशे मीटरहून लांब भरते. स्टिरिओ तबकडीत या खाचेच्या दोन भिंती ४५ अंशांत तिरप्या असतात, आतल्या भिंतीवर डाव्या बाजूचा आवाज आणि बाहेरच्या भिंतीवर उजव्या बाजूचा. सुईच्या टोकावरच्या हिऱ्याला या दोन्ही भिंतींचं प्रत्येक वळण टिपायचं असतं. बाहेरच्या कडेला वळणं लांबट असल्यामुळे कुठलाही हिरा ती टिपतो. लेबलजवळ तीच वळणं एकमेकांत दाटतात आणि गोल टोकाचा हिरा त्यांत पुरता शिरतच नाही. तो वळणाच्या माथ्यावरून पुढे सरकतो. तेव्हा ‘स’ आणि ‘श’ फिस्कारतात, तानेतले दाणे एकमेकांना चिकटतात आणि तबल्याच्या चाटीची धार जाते. ऐकणाऱ्याला वाटतं की मुद्रण खराब आहे. खरं तर ते सगळं खाचेत शाबूत असतं, पण आपल्या सुईला ते वाचता येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की यंत्रावर ठरवलेल्या पैशांतला निदान पाचवा हिस्सा सुई-कार्ट्रिजसाठी, म्हणजे सुई आणि ती जिच्यात बसते त्या डबीसाठी, बाजूला ठेवा. हिऱ्याच्या आकाराच्या तीन मुख्य जाती आहेत. गोल, म्हणजे कॉनिकल, टोक स्वस्त आणि दणकट असतं, पण लेबलजवळ कमी पडतं. लंबगोल, म्हणजे एलिप्टिकल, टोक दोन्ही भिंतींना अरुंद कडेनं टेकतं आणि आतल्या खाचा बऱ्याच चांगल्या वाचतं. तिसरी जात मायक्रोलाइन, शिबाता वगैरे नावांनी मिळते. शिबाता हे नाव जपानच्या जेव्हीसी कंपनीतल्या नोरिओ शिबाता यांचं. चार वाहिन्यांच्या तबकड्यांतल्या अतिउच्च लहरी वाचण्यासाठी त्यांनी १९७०च्या दशकात हा आकार घडवला. त्या चार वाहिन्या लोक विसरले, हिऱ्याचा आकार मात्र राहिला, आणि द्रुत ख्यालाच्या शेवटच्या तीन मिनिटांना त्याचा फायदा सगळ्यात जास्त होतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेची एक मोठी सोय अशी, की कार्ट्रिजचा मुख्य भाग तोच ठेवून फक्त सुई बदलता येते. आज लंबगोल घ्यावी आणि ती झिजली की त्याच जागी मायक्रोलाइन बसवावी. सुई आकारानुसार साधारण ३०० ते १,००० तास टिकते. झिजलेली सुई तबकडी कापत जाते, म्हणून तासांचा हिशेब ठेवणं गरजेचं आहे.

सुई कितीही चांगली असली तरी ती धरणारा टोनआर्म तिच्या बरोबरीचा लागतो. तबकडी घडवताना कापणारं पातं कडेपासून मध्याकडे सरळ रेषेत जातं. आपला आर्म एका खुंटीभोवती कमानीत फिरतो. त्यामुळे संपूर्ण बाजूत फक्त दोन जागी सुई खाचेशी अगदी काटकोनात येते, बाकी ठिकाणी थोडी तिरपी असते. या दोन जागा कुठे असाव्यात याचं गणित स्वीडनच्या एरिक लॉफग्रेन यांनी १९३८ साली मांडलं. त्यावर आधारलेला छापील कागद, प्रोट्रॅक्टर, बहुतेक यंत्रांबरोबर मिळतो. त्याप्रमाणे कार्ट्रिज पुढे-मागे सरकवून बसवणं हे तासाभराचं काम आहे, पण लेबलजवळच्या तानेचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. म्हणून ज्या यंत्रात कार्ट्रिज सरकवताच येत नाही, आर्मच्या मागचं वजन फिरवता येत नाही, ते मी कायमच्या वापरासाठी घ्यायला सांगणार नाही. ऑडिओ-टेक्निकाचं एलपी६०एक्स हे सोपं, स्वयंचलित आणि प्रामाणिक यंत्र आहे, त्याच्या किमतीत त्याला तोड नाही. पण त्याचा आर्म आणि कार्ट्रिज कारखान्यात बसवलेले तसेच राहतात आणि सुई गोल टोकाची असते. सुगम संगीत आणि चित्रपटगीतांच्या तबकड्यांसाठी ते पुरेसं आहे. ख्याल ऐकणाऱ्यानं थोडे दिवस थांबून पैसे साठवावेत.

सुईचा भार किती असावा हे कार्ट्रिजच्या कागदावर लिहिलेलं असतं, बहुधा दीड ते सव्वादोन ग्रॅम. तो लावताना काय करायचं ते नीट समजून घ्या, कारण दुकानदार अनेकदा हे घाईत उरकतो. आर्म मोकळा सोडून मागचं वजन फिरवत जा. एका क्षणी आर्म हवेत आडवा तरंगतो, धड वरही जात नाही, धड खालीही बसत नाही. तिथे वजनावरची आकड्यांची कडी शून्यावर आणा, मग वजन आणि कडी दोन्ही एकत्र फिरवून दोनवर न्या. दोन ग्रॅम झाले. त्यानंतर डिजिटल सुईकाट्यावर तपासलं तर उत्तम. भार कमी ठेवला तर तबकडी वाचते, हा समज नुकसानकारक आहे. कमी भाराची सुई जोरकस जागी भिंतीवरून उडते आणि उतरताना खाच चिरते. आर्मला आत खेचणारा जो जोर असतो त्याला उलटा ताण देण्यासाठी ‘अँटी-स्केटिंग’ची चकती असते. ती भाराइतक्याच आकड्यावर ठेवावी.

सुई-कार्ट्रिज किती मूलभूत आहे याचा एक दाखला अवकाशात आहे. १९७७ साली नासानं व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या पाठवल्या. त्यात गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. तबकडी ज्याला सापडेल त्याच्याकडे वाजवायला काय असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून शास्त्रज्ञांनी सोबत कार्ट्रिज आणि सुई दिली आणि वाजवायची रीत आवरणावर चित्रांत कोरली. प्लॅटर आणि मोटर ज्यानं त्यानं आपली शोधावी!

आता मराठी घरांचा आणखी एक खास प्रश्न. माळ्यावरची पेटी उघडली की त्यात एलपी थोड्या आणि ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, तबकड्या जास्त निघतात. भारतात या तबकड्या १९६०च्या दशकातही निघत होत्या, त्यामुळे बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर यांच्याबरोबरच अनेक भावगीतंही त्यांच्यावरच आहेत. म्हणून दुकानात जायच्या आधी पेटी उघडा आणि लेबलं वाचा. ७८च्या तबकड्या असतील तर तीन गतींचं यंत्र हवं. नुसती गती पुरत नाही. ७८ची खाच एलपीच्या खाचेच्या दुपटीहून रुंद असते. एलपीची सुई त्यात तळाला जाऊन दगडगोट्यांवरून घसटत जाते, नुसती खरखर येते आणि सुई बिघडते. ७८साठी सुमारे ७५ मायक्रॉनचं जाड टोक लागतं. ते चुकूनही एलपीवर ठेवायचं नाही, कारण एका वाजवण्यात एलपी खराब होते. सोयीचा मार्ग म्हणजे ज्याचं हेडशेल, म्हणजे आर्मचं पुढचं टोक, फिरवून काढता येतं असं यंत्र घ्यावं आणि दोन हेडशेलवर दोन कार्ट्रिज तयार ठेवावीत. बदलताना भार पुन्हा लावावा लागतो, पण दोन मिनिटांचं काम आहे. रेगाच्या आर्मचं टोक असं निघत नाही. म्हणून त्यांची यंत्रं कितीही गोड वाजत असली तरी ७८चा संग्रह असलेल्या घराला मी ती सुचवत नाही.

शिवाय गती बारीक कमी-जास्त करायची सोय या घराला उपयोगी पडते. जुन्या काळातल्या अनेक तबकड्या नेमक्या ७८च्या गतीनं मुद्रित झालेल्या नाहीत. गायकाची पट्टी माहीत असेल तर पेटी घेऊन बसा आणि षड्ज जुळेपर्यंत गती सरकवा. ॲम्प्लिफायरवर ‘मोनो’ बटण असेल तर तेही दाबा, कारण खाचेतली बरीच खरखर वर-खालच्या हालचालीतून येते आणि दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की ती वजा होते. आणखी एक गोष्ट जिवापाड लक्षात ठेवावी. ७८च्या तबकड्या लाखेच्या असतात. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. एलपीसाठी मिळणारी, अल्कोहोल असलेली सफाईची द्रव्यं त्यांच्यावर लावली तर गाणं पुसलं जातं. डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, तेही लेबल कोरडं ठेवून, एवढंच वापरावं.

जोडणीबद्दल फार लिहायला नको. कार्ट्रिजमधून येणारा संकेत चार-पाच मिलिव्होल्टचा असतो. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर दाबलेले आणि वरचे उचललेले असतात, १९५४ सालापासून ‘आरआयएए’ नावाच्या ठरलेल्या वक्राप्रमाणे. हे उलटं करून संकेत शंभरेक पट मोठा करणारं सर्किट म्हणजे फोनो प्रीॲम्प. ते ॲम्प्लिफायरमध्ये असेल तर त्यावर ‘फोनो’ असं लिहिलेलं असतं. आजच्या बऱ्याच टर्नटेबलांतही ते असतं आणि मागच्या खटक्यानं बंद करता येतं. दोन्ही एकदम चालू ठेवू नयेत, आवाज फाटतो. आणि टर्नटेबलमधून निघणारी बारीक अर्थची तार ॲम्प्लिफायरच्या स्क्रूला नक्की आवळावी. ५० हर्ट्झची गुणगुण येण्याचं कारण दहात नऊ वेळा तिथेच सापडतं.

यंत्र कुठे ठेवायचं यावर मात्र लक्ष द्या. स्पीकरच्या डोक्यावर किंवा त्याच कपाटात नको, कारण स्पीकरची थरथर सुईत शिरते आणि पुन्हा स्पीकरमधून बाहेर येते. सिमेंटच्या इमारतीत जड, न डुलणारं टेबल पुरतं. पुण्यात किंवा साताऱ्यात जुन्या वाड्याच्या माडीवर लाकडी तक्तपोशीची जमीन असेल, तर माणूस चालला की सुई उडते. तिथे दगडी भिंतीत फळी ठोकून यंत्र तिच्यावर ठेवणं हा एकच खात्रीचा उपाय. फळी बसवल्यावर प्लॅटरवर स्पिरिट लेव्हल ठेवून दोन्ही दिशांनी पातळी पाहावी.

जुनं यंत्र घ्यायचं मनात असेल, मग ते मुंबईच्या चोर बाजारातलं असो की एखाद्या संग्राहकाकडचं, तर ते चालू करून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. आर्म दोन बोटांत धरून अगदी हळू हलवा. बेअरिंग खडखडत असेल तर यंत्र सोडून द्या, कारण ती दुरुस्ती इथे फार थोड्यांना जमते. पट्टा, रबरी चाक, सुई बदलता येतात, त्यांच्यासाठी किंमत कमी करून मागावी. एचएमव्हीची फिएस्टासारखी पेटीतली यंत्रं आजही जिव्हाळ्यानं विकली जातात, आणि त्यांच्या रूपाचीच नवी सूटकेस यंत्रंही बाजारात आहेत. दोन्हींत बहुधा सिरॅमिक कार्ट्रिज असतं आणि त्याचा भार पाच ग्रॅमच्या आसपास. शोभेला ठेवा, मुलांना दाखवा, पण पुन्हा न मिळणारी एलपी त्यांच्यावर लावू नका.

एकच शिफारस मागितली तर मी असं सांगेन. घरात एलपी, ४५ आणि ७८ असा मिश्र संग्रह असेल, तर ऑडिओ-टेक्निकाचं एलपी१२०एक्स घ्यावं. थेट मोटर, तीन गती, गती सरकवायची सोय, निघणारं हेडशेल आणि बंद करता येणारा प्रीॲम्प, असं लागेल ते सगळं त्यात आहे. त्याच्यावरची सुई झिजली की मायक्रोलाइन घालावी आणि दुसऱ्या हेडशेलवर ७८ची जाड सुई बसवून ठेवावी. फक्त एलपीच असतील तर रेगा प्लॅनर किंवा प्रो-जेक्ट डेब्यू ऐकून पाहावं. ऐपत असेल तर टेक्निक्स घ्यावं आणि पुढच्या पिढीला द्यावं. यंत्र ठरेपर्यंत पेटीतल्या तबकड्या मात्र आडव्या रचून ठेवू नका. आजच बाहेर काढून कोरड्या कपाटात उभ्या लावा, आणि योग्य सुई हातात येईपर्यंत ७८ची एकही तबकडी वाजवून पाहू नका.